पंचनाम्याआधी आणि पंचनाम्यानंतर: काय करावे, काय टाळावे

खून, संशयास्पद मृत्यू, विषबाधा, अत्याचार, घरफोडी. अशा जागी सर्वांत आधी पोहोचतात ते घरचे लोक, शेजारी, सोसायटीचा वॉचमन, गावचा पोलीस पाटील. ठसे तज्ज्ञ, न्यायवैद्यक डॉक्टर आणि प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ नंतर येतात, आणि आधीच्या लोकांनी जेवढे शिल्लक ठेवले असेल तेवढ्यावरच त्यांना काम करावे लागते. मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत किंवा नागपूर, पुणे, नाशिकच्या प्रयोगशाळांत यंत्रे कितीही चांगली असली, तरी पुसून टाकलेल्या कडीवरचा ठसा तिथे परत उमटत नाही. पुराव्याचे बरेवाईट पहिल्या काही तासांत ठरते, आणि ते आपल्यासारख्या साध्या माणसांच्या हाती असते. म्हणून ही यादी पोलिसांसाठी किंवा वकिलांसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी आहे.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. पुढे फौजदारी कायद्यांची कलमे या नव्या कायद्यांतली आहेत, आणि कायद्याचे नाव दिलेले नसेल तिथे कलम नागरिक सुरक्षा संहितेचे आहे.

घटनास्थळी

– जीव आधी. माणसात थोडी जरी धुगधुगी असली तरी 108 ला फोन करावा, जखमीला हलवावे लागले तर हलवावे. पुरावा बिघडेल म्हणून जखमीला हात न लावणे कोणताही कायदा सांगत नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ चे संरक्षण आहे. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि मदत करताना काही कमीजास्त झाले तरी त्याच्यावर जबाबदारी येत नाही.

– काय हलवले, काय उघडले, कुठे हात लावला हे लक्षात ठेवून पोलिसांना न विचारता सांगावे. दार आतून बंद होते की नुसते लोटलेले? दिवा चालू होता का? पंखा, एसी, गॅस? पंख्याचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण शरीर किती गार पडले यावरून मृत्यूच्या वेळेचा अंदाज बांधतात आणि खोलीचे तापमान कळले नाही तर तो अंदाज चुकतो.

– 112 वर फोन करावा. फोनची वेळ आपोआप नोंदली जाते आणि पुढे ती फार उपयोगी पडते.

– आत जाणे भागच असेल तर एकाच वाटेने जावे, त्याच वाटेने परत यावे. बाकीच्यांना उंबऱ्याबाहेर थांबवावे.

– वस्तू रुमालात धरून उचलू नये. चित्रपटांनी आपल्याला ही सवय लावली आहे. रुमालाने आपला ठसा उमटत नाही हे खरे, पण आधीचा फरफटतो. वस्तू जिथे आहे तिथेच राहू द्यावी.

– फरशी धुणे, अंथरूण गुंडाळणे, कपडे भिजत टाकणे, फुटलेल्या काचा भरणे, यातले काहीही पोलीस येईपर्यंत करू नये. गुन्हेगाराला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणे हा न्याय संहितेच्या कलम 238 खाली गुन्हा आहे. दुःखाच्या भरात, पाहुणे येतील म्हणून घर आवरणाऱ्याचा असा हेतू नसतो, त्यामुळे तो गुन्हेगार ठरत नाही. तपासाचे नुकसान मात्र तेवढेच होते.

– मृतदेहाचा किंवा जखमांचा व्हिडिओ काढून गटांवर टाकू नये. अत्याचाराचा प्रकार असेल तर पीडितेची ओळख उघड करणे हाच न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

या सगळ्यामागचे तत्त्व फ्रान्समधल्या एदमों लोकार या शास्त्रज्ञाने मांडले. 1910 मध्ये लिओं शहरात त्याने पोलिसांसाठी छोटी प्रयोगशाळा थाटली. दोन गोष्टींचा स्पर्श झाला की प्रत्येकीचे काहीतरी दुसरीवर राहते, हे त्याच्या कामाचे सार. चोराच्या चपलेला अंगणातली माती लागते आणि अंगणात चपलेचा ठसा राहतो. बघ्यांच्या चपलाही हेच करतात, म्हणून गर्दी नको.

संशयास्पद मृत्यू आणि विषबाधा

– विषबाधेची शंका असेल तर बाटली, पुडी, पेला, उरलेले अन्न जपून ठेवावे आणि रुग्णालयात डॉक्टरांना दाखवावे. शेतातल्या औषधाचे नाव कळले तर उपचार लगेच ठरतात. उलटीने भरलेले कपडे धुऊ नयेत. ते आधी उपचाराच्या, नंतर तपासाच्या कामी येतात.

– गळफासाच्या घटनेत माणसाला खाली घेताना दोर कापावा, गाठ सोडू नये. गाठीची जागा आणि प्रकार, मानेवरच्या वळाची दिशा यांवरून डॉक्टर आत्महत्या आणि खून यांतला फरक पाहतात.

– अकस्मात मृत्यूची नोंद आणि इन्क्वेस्ट पंचनामा ही कलम 194 ची ठरलेली प्रक्रिया आहे, त्यात कोणावर संशय घेतलेला नसतो. लग्नाला सात वर्षे होण्याआधी विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला तर कायदा जास्त कडक होतो. त्या वेळी माहेरच्यांनी आपले म्हणणे तिथल्या तिथे नोंदवावे, तेराव्यापर्यंत थांबू नये.

– शवविच्छेदन टाळण्यासाठी ओळखीपाळखी वापरू नयेत. एकदा दहन झाले की प्रश्न विचारायलाही काही उरत नाही.

– ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असे पीएम नोट्समध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या अहवालात, असेल तर मृत्यूचे कारण अजून ठरलेले नाही असा त्याचा अर्थ. जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून, बरणीला लाखेचे सील करून प्रयोगशाळेत जातात. फॉर्मालिनमध्ये ठेवलेला अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला चांगला, पण विष शोधायच्या कामात फॉर्मालिन अडथळा आणते. सी.ए. रिपोर्टला, म्हणजे रासायनिक विश्लेषणाच्या अहवालाला, वेळ लागतो. तोपर्यंत ‘हार्ट अटॅकच होता’ किंवा ‘विषच दिले’ असे कोणी गावभर सांगत फिरू नये.

– अहवालात विष सापडले नाही म्हणजे विष दिलेच नाही, असा निष्कर्ष काढू नये. पुण्याच्या डॉ. अनंत चिंतामण लागू यांचा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. 1956 च्या नोव्हेंबरमध्ये लक्ष्मीबाई कर्वे रात्रीच्या गाडीने त्यांच्यासोबत पुण्याहून मुंबईला निघाल्या. सकाळी बेशुद्धावस्थेत त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात आणले गेले आणि तिथेच त्या वारल्या. शरीरात विष सापडले नाही. मात्र रुग्णालयात त्यांचे भलतेच नाव सांगितले गेले होते, त्या जिवंत आहेत असे भासवणारी पत्रे नातलगांना जात राहिली आणि त्यांची मालमत्ता डॉक्टरांकडे वळत गेली. या परिस्थितीवरून न्यायालयांनी डॉक्टरांना दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयातही शिक्षा कायम राहिली. कित्येक विषे शरीरातून लवकर नाहीशी होतात. अशा वेळी आरोपीचे वागणे, कागदपत्रे आणि पैसा यांचा माग काढावा लागतो.

– भाजलेल्या किंवा मरणाच्या दारात असलेल्या माणसाचा जबाब घ्यायला कार्यकारी दंडाधिकारी आले की नातलगांनी खोलीबाहेर जावे. ‘सासूचं नाव सांग’, ‘स्टोव्ह भडकला म्हण’ असे काहीही कानात सांगू नये. मृत्युपूर्व जबाब साक्ष्य अधिनियमाच्या कलम 26 खाली पुरावा ठरतो, आणि तो विश्वसनीय असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. तो कोणी पढवला असल्याची शंका आली तर त्याचे वजन जाते. रुग्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला असलेला बरा. पण तो नसला म्हणून जबाब आपोआप बाद होत नाही, जबाब घेणाऱ्याची खात्री झालेली असली पाहिजे. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केले.

लैंगिक अत्याचारानंतर

– आधी रुग्णालयात जावे. फिर्याद नोंदवलेली नाही म्हणून रुग्णालय परत पाठवू शकत नाही. सरकारी असो की खासगी, कलम 397 प्रमाणे तातडीचे आणि मोफत उपचार करणे व पोलिसांना कळवणे त्यांना बंधनकारक आहे. उपचार नाकारणे गुन्हा आहे.

– शक्य असेल तर तपासणीआधी आंघोळ करू नये, कपडे बदलू नयेत. बदललेच असतील तर न धुता सोबत न्यावेत, आणि प्लास्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत न्यावेत. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए नासतो. ओले कपडे सावलीत वाळवून मगच गुंडाळावेत.

– आंघोळ झाली, कपडे धुतले, दोन दिवस उलटले म्हणून ‘आता काय उपयोग’ असे पीडितेला कोणीही म्हणू नये. नमुने जितक्या लवकर घेतले जातील तितके चांगले, हे खरे. पण उशिराही काही नमुने मिळतात. ते नाही मिळाले तरी तिची साक्ष हाच पुरावा असतो, आणि ती विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या आधाराची सक्ती नाही.

– तपासणीला तिची संमती हवी. दोन बोटांची चाचणी कोणीही करू नये. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ती तिच्या प्रतिष्ठेचा भंग ठरवली आणि 2022 मध्ये, अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे बजावले. कुठे ती केली गेली तर लेखी तक्रार करावी.

– पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, शाळेचे आणि डॉक्टरचेही. घराण्याच्या अब्रूसाठी किंवा संस्थेच्या नावासाठी प्रकरण ‘आपापसात’ मिटवू नये. या एका बाबतीत मला कसलीही तडजोड मान्य नाही.

फिर्याद देताना

– दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचा वाद नंतर सुटतो. अशा फिर्यादीलाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी. प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी.

– तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस आधी 14 दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करू शकतात. एरवी दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणे सक्तीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्ये हे सांगितले. नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, तिथेही दाद लागली नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे.

– स्वतः पाहिले ते ‘पाहिले’ असे आणि ऐकले ते ‘ऐकले’ असे लिहावे. अंदाजाने नावे घालू नयेत. रागाच्या भरात अख्ख्या कुटुंबाची नावे घातलेली फिर्याद उलटतपासणीत टिकत नाही, आणि तिच्यातला खरा आरोपीसुद्धा त्या गोंधळात सुटतो.

– उशीर झाला असेल तर कारण फिर्यादीतच लिहावे: रुग्ण आयसीयूत होता, गाव लांब होते, भीती वाटत होती.

– वाचून, नसेल वाचता येत तर वाचून घेऊन, मगच सही किंवा अंगठा करावा. तपासात पोलिसांनी घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर मात्र सही घ्यायची नसते, कलम 181 तसे सांगते. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये.

पंच म्हणून बोलावले तर

आपल्याकडे पंच व्हायला कोणी तयार नसते. ‘कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार’ हे कारण मी समजू शकतो. पण पंच मिळाला नाही की हुकमी माणूस आणला जातो. तोच माणूस दहा खटल्यांत पंच असल्याचे बचाव पक्ष दाखवून देतो, आणि खरीखुरी जप्तीसुद्धा न्यायालयाला खोटी वाटू लागते. परिसरातला स्वतंत्र, प्रतिष्ठित माणूस पंच असावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय झडतीला हजर राहण्याचे नाकारणे कलम 103 प्रमाणे गुन्हा ठरतो.

– जावे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथेच थांबावे. मधे चहाला गेलो असे साक्षीत निघाले तर पंचनामा तेवढ्या भागात पोकळ होतो.

– स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. वस्तू कुठून काढली, पाकिटात कोणी घातली, सील लावले का, सहीची चिठ्ठी चिकटवली का, तीवर तारीख-वेळ आहे का.

– पंचनामा ठाण्यात बसून लिहिलेला असेल, ‘जागेवर’ केलेला नसेल, तर सही करू नये. मजकूर चुकीचा असेल तर दुरुस्त करायला सांगावे.

– झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता कलम 105 ने बंधनकारक आहे, मोबाइलवरही चालते. कॅमेरा सुरू नसेल तर विचारावे. ज्याच्या घराची झडती झाली त्याने जप्तीच्या यादीची प्रत घ्यावी.

– काय पाहिले याचे टिपण घरी वहीत लिहून ठेवावे. साक्ष कित्येक वर्षांनी होते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? न्यायालयाला दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात: प्रयोगशाळेत तपासलेला चाकू त्या घरात सापडलेलाच आहे का, आणि मधल्या काळात त्याला कोणी हात लावला का? म्हणून जप्त करणारा अधिकारी, मुद्देमाल कारकून, तो कलिन्याला घेऊन जाणारा अंमलदार, तिथे सील तपासून पावती देणारा कर्मचारी, अशी प्रत्येक हाताची नोंद लागते. एक हात जरी नोंदीबाहेर राहिला तरी उत्तम शास्त्रीय अहवालाला किंमत राहत नाही. गुन्हेगार सुटला की आपण न्यायालयाला दोष देतो, आणि गळती कितीदा तरी याच मधल्या टप्प्यावर झालेली असते.

सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, असे कलम 176 सांगते. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. हा बदल मला तिन्ही कायद्यांतला सर्वांत मोलाचा वाटतो.

मोबाइल, सीसीटीव्ही, ऑनलाइन फसवणूक

– पैसे गेले की लगेच 1930 वर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आली तर परत मिळण्याची आशा असते. बँक उघडण्याची वाट पाहू नये.

– मूळ संदेश, मूळ फाइल, मूळ फोन जपावा. स्क्रीनशॉट आठवणीसाठी ठीक, पण त्यातून संदेश खरा की बनावट हे ठरवणे कठीण. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवलेला फोटो आकाराने आक्रसतो आणि तो कधी, कोणत्या फोनने काढला ही माहितीही गळून पडते.

– चॅट पुसू नये, स्वतःचे लाजिरवाणे संदेशही पुसू नयेत. अर्धवट संवादावर प्रतिपक्षच बोट ठेवतो.

– सोसायटीच्या सचिवाने सीसीटीव्हीचे चित्रण त्याच दिवशी राखून ठेवायला सांगावे. डीव्हीआरची, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. डीव्हीआरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे तेही लिहून ठेवावे. सात मिनिटांच्या फरकाने निरपराध माणूस घटनास्थळी असल्याचे दिसू शकते.

– संशयिताचा किंवा मृताचा फोन उघडून स्वतः ‘तपास’ करू नये. प्रत्येक स्पर्शाने फोनमधल्या वेळा आणि नोंदी बदलतात.

– चित्रणाची प्रत न्यायालयात द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र सोबत हवे. त्याचे दोन भाग: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला हा आकडा असतो. फाइलमध्ये एक टिंब जरी बदलले तरी तो पार बदलतो, त्यामुळे फेरफार झाला की नाही ते कळते.

या प्रमाणपत्राची गोष्ट जालन्याची आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा अर्ज मुदत टळल्यावर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाच्या सीडींचा. पुन्हा पुन्हा मागूनही कार्यालयाने प्रमाणपत्र दिले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2020 मध्ये न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ते मिळवण्यासाठी हातात होते ते सगळे केलेल्याला, दुसऱ्याने दिले नाही म्हणून शिक्षा नको. यातून आपण घ्यायचे ते असे: प्रमाणपत्र लेखी मागावे, पोच ठेवावी, नकार आला तर न्यायालयाकडून आदेश मागावा.

शास्त्राकडून काय मागावे, काय मागू नये

– डीएनए ‘कोणाचा’ हे सांगतो. ‘कधी’ आणि ‘कसा आला’ हे सांगत नाही. घरच्या माणसाचा डीएनए घरात सापडणारच.

– ठशाचे वय ठरवण्याची भरवशाची पद्धत नाही. ठसा सापडला नाही म्हणजे माणूस तिथे नव्हता, असेही नाही. एकसारख्या जुळ्या भावंडांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत सारखा येतो, ठसे मात्र वेगळे असतात.

– ‘मृत्यू रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी झाला’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. डॉक्टर काही तासांची कक्षा देऊ शकतात, आणि आपल्या उन्हाळ्यात शरीर लवकर ताठरते, लवकर सैलही पडते.

– रक्तगट जुळला एवढ्याने कोणाला दोषी मानू नये. एकाच गटाची माणसे गल्लीतही कितीतरी असतात.

– तज्ज्ञाचे मत हे मतच असते. ते कशावर आधारले ते विचारण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना आहे.

– शास्त्र आरोपीच्याही बाजूने उभे राहते, हे विसरू नये. ॲलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये लेस्टरला डीएनए ठशांची पद्धत शोधली. पुढे ती खुनाच्या तपासात प्रथम वापरली गेली तेव्हा कबुली देऊन बसलेला एक तरुण तिने निर्दोष ठरवला. खरा खुनी त्यानंतर सापडला.

सगळा भर परिस्थितिजन्य पुराव्यावर असेल तर पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यातली पाच तत्त्वे पाहावीत. पत्नी सायनाइडने मरण पावली होती आणि खालच्या न्यायालयांनी पतीला दोषी धरले होते. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. प्रत्येक परिस्थिती पक्की सिद्ध झाली पाहिजे, ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळली पाहिजे, ती निर्णायक असली पाहिजे, दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये आणि साखळी अखंड असली पाहिजे. शंका कितीही दाट असली तरी तिला पुराव्याची जागा घेता येत नाही. टीव्हीवरच्या चर्चेत निकाल देण्याआधी ही पाच तत्त्वे लावून पाहावीत.

स्वतःवर संशय आला तर

– नोटीस आली तर दुर्लक्ष करू नये, हजर राहावे. महिलांना, पंधराच्या आतील मुलांना, साठीपुढच्या आणि गंभीर आजारी व्यक्तींना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

– अटकेचे कारण विचारावे. 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेले पाहिजे. वैद्यकीय तपासणीत अंगावरच्या खुणा डॉक्टरला दाखवाव्यात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागावा.

– पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. घाबरून, ‘लवकर सोडतील’ या आशेने न केलेले कबूल करू नये.

– ठसे, हस्ताक्षर, रक्ताचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी 1961 मध्ये ठसे आणि हस्ताक्षराबाबत हे सांगितले. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग मात्र संमतीशिवाय करता येत नाही, हा 2010 च्या सेल्वी खटल्याचा निकाल. संमती वकिलाशी बोलूनच द्यावी.

साक्षीच्या पिंजऱ्यात आणि नंतर

– ओळख परेडआधी संशयिताचे फोटो पाहू नयेत. वर्तमानपत्रात पाहिलेला चेहरा आणि प्रत्यक्ष पाहिलेला चेहरा डोक्यात एक होतात, मग प्रामाणिक माणूसही चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतो.

– आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणावे. उत्तर न सुचल्यामुळे जोडलेला तपशील पुढच्या प्रश्नाला उघडा पडतो.

– धमकी आली तर फितूर होऊ नये, गप्पही बसू नये. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आहे. अर्ज जिल्ह्यातल्या सक्षम प्राधिकरणाकडे करता येतो.

– फिर्यादीने तपासाची प्रगती विचारावी. 90 दिवसांत ती कळवणे पोलिसांचे कर्तव्य आहे. आरोपी सुटला तर अपील करण्याचा अधिकार पीडितालाही आहे, तो फक्त सरकारचा नाही. अत्याचाराच्या आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना आहे. तिचा अर्ज खटल्याच्या निकालापर्यंत ठेवू नये, गुन्हा नोंदवला की लगेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी.